नाव ठेवणे आणि नावे ठेवणे



मागील हिवाळ्यात लोद येथे आपल्या समाजातील एका मेंदीच्या समारंभास आम्ही उभयता गेलो होतो. नवरीच्या हातांना मेंदी लागली, मलिद्याची ताटे फिरली, आणि मग गाण्यांची वेळ आली. एका मावशींनी पदराआडून नातवाचा फोन पुढे केला. त्यात त्यांच्या आईचे गाणे होते. मुंबईत असताना कधीतरी कॅसेटवर धरून ठेवलेले, एलियाहू हन्नबीचे मराठी गाणे. आई आणि तिच्या दोघी जावा टाळ्यांच्या ठेक्यावर गात आहेत, मागे कुणाचे तरी मूल रडत आहे, असे ते ध्वनिमुद्रण.

गाणी लावणारा तरुण भला होता. त्याने ते आपल्या यंत्रात घेतले आणि विचारले, "सावता, हे कोणत्या यादीत टाकू?" त्याच्याकडे याद्या तयार होत्या: होदी, मिझ्राही, दाती, लोआझी. म्हणजे भारतीय, पौर्वात्य, धार्मिक आणि परदेशी. झाले! टेबलाभोवती वाद सुरू झाला. एक म्हणाले, भाषा मराठी आहे, तेव्हा होदी. दुसरे म्हणाले, नाव नबीचे आहे, तेव्हा दाती. तिसरे म्हणाले, या देशात आपली गणती मिझ्राहींत होते, तेव्हा तिकडेच टाका. मावशींनी काय उत्तर दिले ते शेवटी सांगू. परंतु घरी परतताना आम्हां दोघांच्या मनात तो प्रश्न घोळत राहिला. गाणे कोणत्या कप्प्यात ठेवायचे, हे ठरवायचे कोणी? आणि ठरवताना तो गाणे ऐकतो की गाणाऱ्याचे तोंड पाहतो?

आपल्या मायबोलीत एक गंमत आहे. बारशाला आपण बाळाचे 'नाव ठेवतो', आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना 'नावे ठेवतो'. एका मात्रेचा फरक, पण पहिल्यात माया आहे आणि दुसऱ्यात कुचाळी. संगीताच्या बाजारात गाण्यांना जी नावे दिली जातात ती या दोहोंपैकी कोणती, हे पाहण्याजोगे आहे.

याची सर्वांत स्पष्ट गोष्ट अमेरिकेत घडली, म्हणून प्रथम तिकडे जाऊ. १९२० च्या ऑगस्टमध्ये मॅमी स्मिथ या काळ्या गायिकेने न्यूयॉर्कमध्ये ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' हे गाणे म्हटले. तोवर कंपन्यांची समजूत अशी होती की काळे लोक तबकड्या विकत घेणार नाहीत. ती तबकडी धडाधड खपली, आणि कंपन्यांना एक नवे गिऱ्हाईक सापडले. लगोलग या गाण्यांसाठी वेगळ्या मालिका निघाल्या. त्यांना नाव मिळाले 'रेस रेकॉर्ड्स', म्हणजे 'वंशाच्या तबकड्या'. त्या काळी काळ्या लोकांची वर्तमानपत्रे 'रेस' हा शब्द स्वतःविषयी अभिमानाने वापरीत, हेही खरे. थोड्याच वर्षांत दक्षिणेतील गरीब गोऱ्या शेतकऱ्यांची गाणी विकण्यासाठी दुसरा कप्पा निघाला, त्यास 'हिलबिली' म्हणू लागले. हिलबिली म्हणजे डोंगरातला गावंढळ. एकाला रंगावरून नाव, दुसऱ्याला गरिबीवरून. आणि मजा अशी की या दोन्ही कप्प्यांच्या उभारणीत ओके कंपनीचे एकच गृहस्थ होते, राल्फ पीअर. कोलंबिया कंपनीने तर क्रमांकच वाटून टाकले होते. काळ्यांच्या तबकड्यांना १४००० पासून पुढचे आकडे, दक्षिणेतील गोऱ्यांच्या तबकड्यांना १५००० पासून पुढचे.

आता वाचक म्हणतील, दोघांचे संगीत वेगळे असेल, म्हणून कप्पे वेगळे. परंतु तसे नव्हते. बँजो हे वाद्य, जे आज गोऱ्या खेडुतांचे म्हणून ओळखले जाते, त्याचे मूळ आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांत आहे. खेड्यापाड्यांतील नाचगाण्यांत काळे फिडलवादक गोऱ्यांच्या ओळखीच्याच चाली वाजवीत, आणि गोरे गवई काळ्यांचे ब्लूज म्हणत. १९३० साली जिमी रॉजर्स या गोऱ्या 'हिलबिली' गायकाने आपली 'ब्लू योडेल क्रमांक ९' ही तबकडी भरली, तेव्हा त्याच्याबरोबर ट्रंपेट वाजवणारे होते लुई आर्मस्ट्राँग आणि पियानोवर होत्या त्यांच्या पत्नी लिल. एका खोलीत, एका ध्वनिक्षेपकासमोर तिघांनी मिळून केलेले ते गाणे! संगीतात भिंत नव्हती. भिंत होती ती कंपनीच्या यादीत आणि दुकानाच्या फळीवर.

बरे, कप्पा केवळ कागदावर राहतो असेही नाही. कागदावरची रेघ हळूहळू माणसाच्या अंगणातून जाऊ लागते. नॅशव्हिलच्या 'ग्रँड ओल ऑप्री' या प्रसिद्ध नभोवाणी कार्यक्रमाच्या आरंभीच्या काळातील लोकप्रिय कलावंत होते डिफोर्ड बेली, हार्मोनिका वाजवणारे, आणि काळे. दौऱ्यावर असताना सहकाऱ्यांच्या हॉटेलात त्यांना खोली मिळत नसे. १९४१ साली त्यांना कार्यक्रमातून काढण्यात आले, आणि पुढे बुटांना पॉलिश करण्याच्या दुकानावर त्यांचा चरितार्थ चालला. १९८२ साली ते वारले. कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत त्यांचे नाव लागले ते २००५ साली. पुढे १९६६ च्या सुमारास चार्ली प्राइड यांच्या पहिल्या कंट्री तबकड्या निघाल्या, तेव्हा कंपनीने त्यांचे छायाचित्र मुद्दाम दिले नाही. आवाज ऐकून लोक गोरा समजतील आणि विकत घेतील, हा हिशेब. लोकांनी घेतल्याही. कानाला जे पटले होते ते डोळ्याला पटेल की नाही, याची भीती कंपनीला होती.

या कथेत आपली माणसेही आहेत, हे सांगितले पाहिजे. 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकात काळ्यांच्या गाण्यांची खपाची यादी १९४२ पासून छापली जात होती, प्रथम 'हार्लेम हिट परेड' या नावाने आणि नंतर 'रेस रेकॉर्ड्स' या नावाने. दुसरे महायुद्ध संपून गेले होते. 'वंश' या शब्दाने जगात काय अनर्थ केला होता हे कुणाला सांगावयास नको होते, यहुद्याला तर नाहीच. १९४९ साली त्या साप्ताहिकातील जेरी वेक्सलर या न्यूयॉर्कच्या यहुदी तरुणाने नवे नाव सुचवले, 'ऱ्हिदम अँड ब्लूज'. म्हणजे ताल आणि ब्लूज. माणसाच्या कातडीऐवजी गाण्याच्या गुणावरून ठेवलेले नाव. आम्हांस हे कृत्य चांगलेच वाटते. तरी पुढे काय झाले पाहा. नाव बदलले, कप्पा तोच राहिला. १९६९ मध्ये त्याच यादीचे नाव 'सोल' झाले, १९८२ मध्ये 'ब्लॅक', १९९० मध्ये पुन्हा 'आर अँड बी'. पाटी चार वेळा रंगवली, पण खोली तीच, आणि तिच्यात कोणी बसायचे हेही बहुतेक ठरलेलेच. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, तशातली गत.

हे सारे जुने झाले असे कोणी म्हणेल. २०१९ साली लिल नॅस एक्स या काळ्या तरुणाचे 'ओल्ड टाउन रोड' हे गाणे 'बिलबोर्ड'च्या कंट्री यादीत चढले होते. घोडा, टोपी, बूट, बँजो, सगळे त्यात होते. तरी कंट्रीचे पुरेसे गुण नाहीत असे सांगून ते यादीतून काढले गेले. आणि तेच गाणे पुढे सर्वसाधारण यादीत १९ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. २०२० साली ग्रॅमी पारितोषिकांच्या चालकांनी एका विभागाच्या नावातून 'अर्बन', म्हणजे 'शहरी', हा शब्द काढून टाकला, कारण 'शहरी' म्हणजे 'काळा' हे सर्वांना ठाऊक झाले होते. २०२५ साली बियॉन्से यांच्या 'काउबॉय कार्टर' या संचाला कंट्री विभागाचे पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्या एका विभागाचे दोन करण्याचे जाहीर झाले, 'पारंपरिक' आणि 'समकालीन'. चालकांचा हेतू चांगला असू शकेल. परंतु परका पाहुणा घरात आला की मधोमध पडदा टांगावा, असे काही ऐकणाऱ्यांना वाटले तर त्यांना दोष देता येत नाही.

आता अमेरिका सोडून आपल्या घरी येऊ. या देशात राहणाऱ्या आपणांस 'मिझ्राही संगीत' हा शब्द रोजचा आहे. मिझ्राह म्हणजे पूर्व. या पूर्वेत मोरोक्को येतो. आता नकाशा काढून पाहा. कासाब्लांका हे शहर वॉर्सापेक्षा कितीतरी पश्चिमेला आहे. मोरोक्कोचे अरबी नावच मगरिब, म्हणजे पश्चिम! तरी मोरोक्कोचा गवई पूर्वेचा, आणि पोलंडचा मात्र नुसताच इस्राएली. ग्रीस देश इस्राएलच्या पश्चिमेस आहे. १९६० च्या दशकात आरिस सान या ग्रीक गायकाची गाणी तेल अवीवच्या मोठमोठ्या मंडळींनी डोक्यावर घेतली. त्याच ग्रीक चालीवर येमेनी घरातील पोराने हिब्रू शब्द म्हटले की ते 'मिझ्राही' होई. तेव्हा ही पूर्व होकायंत्रातली नव्हे.

१९७० च्या दशकात ही गाणी कॅसेटवर भरून तेल अवीवच्या मध्यवर्ती बसस्थानकाभोवती विकली जात. म्हणून लोक त्यांस 'कॅसेटची गाणी' आणि 'बसस्थानकाची गाणी' म्हणत, आणि म्हणताना नाक मुरडीत. विकली जात हजारांनी, पण नभोवाणीवर ऐकू येत ती बहुधा ठरावीक तासांत. १९८२ साली झोहार अर्गोव्ह यांनी अविहू मेदिना यांचे 'हापेराह बेगनी', म्हणजे 'माझ्या बागेतील फूल', हे गाणे म्हणून पहिले बक्षीस मिळवले. ते मिळाले पौर्वात्य गाण्यांसाठी राखून ठेवलेल्या वेगळ्या महोत्सवात. सारा देश ते गाणे गुणगुणू लागला, तरी दार वेगळेच. अर्गोव्ह १९८७ साली कोठडीत वारले. त्यांच्या व्यसनांचा दोष आम्ही कप्प्यावर टाकत नाही. माणसाच्या आयुष्यात अनेक गुंते असतात. मेदिना मात्र पुढे अनेक वर्षे एकच गोष्ट सांगत राहिले, की आमच्या गाण्याला मिझ्राही म्हणू नका, इस्राएली म्हणा. २०२२ साली त्यांना इस्राएल पुरस्कार मिळाला तो 'हिब्रू गीत' या विभागात. चाळीस वर्षांनी का होईना, पाटी बदलली.

ओफ्रा हाझा यांची गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. हातिक्वा वस्तीतील येमेनी घरची मुलगी. सतराव्या शतकातील रब्बी शालोम शबाझी यांचे 'इम निनआलू' हे काव्य तिने गायिले. तिच्या घरी ते शब्बाथ-सणाचे गाणे, इथल्या दुकानात येमेनी गाणे, आणि १९८८ च्या सुमारास युरोपात नव्या ठेक्यावर गाजले तेव्हा नाचाचे गाणे. एक बाई, एक कंठ, एक काव्य, आणि तीन कप्पे. 'जागतिक संगीत' हा कप्पा तर १९८७ साली लंडनच्या एका मद्यगृहात भरलेल्या बैठकीत ठरला. छोट्या कंपन्यांच्या लोकांना प्रश्न पडला होता की आफ्रिकेच्या, आशियाच्या तबकड्या दुकानदार कोणत्या फळीवर ठेवणार? त्यांनी सोयीचे एक नाव निवडले. अर्थात त्या 'जगात' इंग्लंड आणि अमेरिका नव्हत्या. आमचे पंडित रविशंकर, ज्यांच्या संगीतामागे शतकांचे शास्त्र, त्यांनाही २००२ साली ग्रॅमी मिळाले ते त्याच 'जागतिक' फळीवर.

इथे वाचकांपैकी कोणी हात वर करील आणि विचारील, मग काय सगळी नावे पुसून टाकायची? दुकानात माणसाने शोधायचे कसे? हा प्रश्न खरा आहे. कप्प्यांचे उपकारही आहेत. 'रेस रेकॉर्ड्स'चा धंदा नसता तर बेसी स्मिथसारखीचा आवाज जगाला लाभला असता का, याची शंका आहे. वेगळा महोत्सव नसता तर अर्गोव्हना त्या दिवशी उभे राहावयास मंच कुठला? शिवाय नाव पुसल्याने न्याय होतोच असेही नाही. १९५० च्या दशकात 'रॉक अँड रोल' हे सर्वांचे म्हणून नवे नाव आले, तेव्हा लिटल रिचर्ड यांचे 'टुटी फ्रुटी' पॅट बून या गोऱ्या गायकाने म्हटले, आणि सर्वसाधारण यादीत बूनची तबकडी मूळ गायकाच्या वर गेली. पाटी गेली की कधीकधी ऋणही विसरले जाते. म्हणून 'सर्व एकच आहे' असे म्हणणारा प्रत्येक जण उदार असतो असे मानू नये.

मग न्याय कशात आहे? आम्ही दोघांनी यावर पुष्कळ बोलून पाहिले. आमच्या बुद्धीला जे सुचले ते असे. नाव वाईट नसते. कडी कोणत्या बाजूला आहे हे पाहावे. खोलीला आतून कडी असेल तर ते घर आहे. मनात आले की माणूस उघडतो, बाहेर जातो, पाहुण्याला आत घेतो, पुन्हा येऊन बसतो. कडी बाहेरून असेल तर तीच खोली, तीच भिंत, तोच दिवा, पण तो तुरुंग आहे. काळे लोक आपल्या संगीताला 'आमचे' म्हणतात तेव्हा ती आतली कडी. त्यांच्यापैकी एकाने कंट्री म्हटले आणि यादीवाल्याने बाहेर काढले, ती बाहेरची कडी. येमेनी माणूस आपली गाणी येमेनी म्हणून म्हणतो ते नाव ठेवणे. दुसऱ्याने त्याला मिझ्राही म्हणून ठरावीक तासात बसवावे, हे नावे ठेवणे.

हे इतरांविषयी बोलणे सोपे. आपले काय? कोकणात आपल्या पूर्वजांना गावाने 'शनवार तेली' म्हटले. धंदा तेलाचा आणि सुट्टी शनिवारची, एवढेच गावाला दिसले, तेच नाव झाले. त्यात वैर नव्हते, म्हणून आजही आपण ते हसून सांगतो. या देशात आल्यावर मात्र लग्नाच्या नोंदणीत आपल्या यहुदीपणावरच प्रश्नचिन्ह लावले गेले, आणि ते पुसण्यासाठी आपल्या लोकांना यरुशालेमात धरणे धरावे लागले. १९६४ साली क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत. कडी बाहेरून असली म्हणजे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवावयास नको.

पण खरे बोलायचे तर ती कडी आपणही लावली आहे. 'गोरे इस्राएल' आणि 'काळे इस्राएल' हे शब्द कोणत्या परक्याने आपल्याला दिले नाहीत. ज्याची आई वा आजी दुसऱ्या समाजातली, त्याच्या घराण्याला आपणच 'काळे' म्हटले, त्याच्या घरी सोयरीक केली नाही, पिढ्यान्‌पिढ्या. तो रंगही नेहमी कातडीचा नसे. जसा अमेरिकेतल्या तबकडीचा रंग आवाजाचा नव्हता. जुनी मंडळी हा विषय निघाला की अजून बोलणे बदलतात. आम्हांस वाटते, बदलू नये. ज्याने सोसले आहे त्याला दुसऱ्याचे दुःख आपोआप कळते असे नाही, हे आपल्या घरातलेच उदाहरण आहे.

आणि आपल्याच गाण्याचे काय? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या पूर्वजांनी कीर्तने सुरू केली. हरिदासी ढंग, मराठी पदे, आणि आख्यान अब्राहामाचे, योसेफाचे, मोशेचे. ज्यांनी ती रचली त्यांना हे होदी की दाती असा प्रश्न पडला नाही. त्यांना गोष्ट सांगायची होती, ऐकणाऱ्यांना मराठी येत होती, आणि गावात कीर्तन सर्वांना आवडत होते. आज ते कीर्तन कोणत्याही एका यादीत टाका, त्याचा एक हात बाहेर राहील.

असो. आता मावशींचे उत्तर. सर्वांचे बोलून झाल्यावर त्या त्या तरुणाला म्हणाल्या, "पोरा, गाणं माझ्या आईचं आहे. तिचं नाव लिही." तो थोडा थांबला. मग म्हणाला की माझे आजोबा कासाब्लांकाचे, तेही गात, आणि त्यांची गाणीही माझ्याकडे 'मिझ्राही' याच यादीत पडून आहेत. त्याने मावशींच्या आईचे नाव विचारून, दोनदा उच्चारून, हिब्रू अक्षरांत लिहिले आणि गाणे लावले. मागे रडणारे मूल ऐकून मावशी म्हणाल्या, "ती मीच."

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात अशा जुन्या कॅसेटी असतील. त्यांवर 'इंडियन साँग्ज' किंवा 'मराठी गाणी' एवढेच लिहिलेले असते. सवड काढून त्या ऐका, आणि ज्यांना अजून आठवते त्यांना विचारून लिहून ठेवा: कोण गात आहे, मूळ गाव कोणते, प्रसंग कोणता, टाळ कुणाच्या हाती. हे काम दुकानदार करणार नाही, कारण त्याला त्याची गरज नाही. ते आपल्यालाच केले पाहिजे, आणि विचारण्याजोगी माणसे आहेत तोवर केले पाहिजे.